आसोद्याच्या बहिणाबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि मुलांच्या शाळेतले अर्ज यापलीकडे माझा लेखणीशी फारसा संबंध आलेला नाही. पण श्रावणातल्या आपल्या कार्यक्रमात एक गोष्ट घडली आणि ती माझ्या मनातून काही केल्या जाईना, म्हणून हा उद्योग करीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

त्या दिवशी मंगळागौरीचे खेळ झाल्यावर आपल्यातल्या एका सुनेने बहिणाबाई चौधरींचे गाणे म्हटले. गळा गोड, चाल ओळखीची, सगळ्यांनी माना डोलावल्या. मागाहून चहा घेताना एका भगिनीने शंका काढली. ज्या बाईला स्वतःची सही करता येत नव्हती, तिला एवढे मोठे विचार सुचतील कसे? मुलगा नावाजलेला कवी होता, त्यानेच करून आईच्या नावावर घातली असतील. दोघीतिघींना ते पटले. मला पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही. कप विसळून मी घरी आले आणि रात्रभर मला माझी आजी आठवत राहिली.

आजीविषयी पुढे सांगेनच. आधी बहिणाबाईंचे सांगते. दुसऱ्या दिवशी नगर वाचनालयातून पुस्तक आणले, आणखीही मिळेल ते वाचले. शेजारच्या बिऱ्हाडात बदलीवर आलेल्या जळगावकडच्या वहिनी आहेत, त्यांचे घर आसोद्यापासून फार लांब नाही. त्यांच्याकडूनही पुष्कळ कळले.

एक खुलासा अगोदर केलेला बरा. बहिणाबाई दोन आहेत. एक सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या, त्यांचे अभंग आहेत. मी लिहीत आहे त्या दुसऱ्या, खानदेशातल्या शेतकरीण. आपल्या मंडळातही कितीजणी दोघींना एकच समजतात, मीही समजत होते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी आसोदे या गावी झाला. हे गाव जळगावपासून थोड्याच अंतरावर आहे. माहेरचे आडनाव महाजन. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. घामा, घना आणि गना असे तीन भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा अशा तीन बहिणी. घर खातेपिते, शेतीवाडीचे. मुलीला शाळेत घालण्याची त्या काळी त्या भागात रीतच नव्हती, तेव्हा अक्षरओळख झाली नाही ती नाहीच. पण शेत, गुरे, सण, देवळातली कीर्तने आणि बायकांची गाणी ही शाळा मात्र तिथे होती, आणि ती त्यांनी पुरी केली असे म्हणावे लागेल.

तेराव्या वर्षी लग्न झाले. जळगावच्या खंडेराव चौधरींचे चिरंजीव नथूजी हे पती. तेरा वर्षांची मुलगी मोठ्या घरात सून म्हणून येते म्हणजे काय, हे आपल्यातल्या वयस्क भगिनींनी आपापल्या आजीकडून ऐकलेले असेल. पहाटे उठून दळण, मग पाणी, मग भाकऱ्या, मग डोक्यावर न्याहारीची पाटी घेऊन शेत. संध्याकाळी परत चूल. माहेर जवळच होते, तरी सासुरवाशिणीला जवळचे माहेरही लांबच. बहिणाबाईंनी माहेराच्या वाटेवर गाणी केली. त्यांतल्या एकात एक योगी आणि एक सासुरवाशीण यांचे बोलणे आहे. ती सारखे माहेराचे गुण गाते म्हणून तो तिला टोचतो, आणि त्यावर ती जे सांगते ते ऐकून तो गप्प होतो. ते उत्तर मी येथे लिहीत नाही, ज्यांनी ऐकले आहे त्यांना ठाऊकच आहे. मात्र जिच्या पोटी मुलगी आहे तिला ते ऐकताना कामात लक्ष लागत नाही, हे स्वानुभवाने सांगते.

खानदेशची शेती आपल्यासारखी नव्हे. आपल्याकडे जांभा दगड, डोंगरउतार, पाण्यात उभे राहून लावणी, डोक्यावर इरले. तिकडे काळी कसदार जमीन, कपाशी, ज्वारी, बाजरी, विहिरीवर बैलांची मोट. वहिनी सांगतात की उन्हाळ्यात तिकडे जमिनीला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला तर आला. आपण पाऊस थांबावा म्हणून गाऱ्हाणे घालतो, ते यावा म्हणून घालतात. पण पेरणी, कापणी, मळणी, वारवणी ही कामे दोन्हीकडची, आणि ती करताना कंबर मोडते बायकांचीच. बहिणाबाईंनी या एकेका कामावर गाणे केले. पेरणीवर वेगळे, कापणीवर वेगळे, रगडणीवर वेगळे, धान्य वाऱ्यावर उपणण्यावर वेगळे. मोटेवर आहे, पोळ्याच्या बैलावर आहे, गुढी उभारण्यावर आहे, आखजीवर आहे. आखजी म्हणजे आपली अक्षय्यतृतीया. आपल्याकडे त्या दिवशी फारसे काही होत नाही, पण खानदेशात तो लेकींचा सण. त्या दिवसांत मुली माहेरी येतात आणि झोके बांधून गाणी म्हणतात. आपल्याकडे गौरीगणपतीला जे, ते तिकडे आखजीला.

हे सगळे सुरळीत चालू होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांची विशी भरली त्या सुमारास, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ पडला. छपन्नचा दुष्काळ म्हणून जुनी माणसे बोलत तो हाच. त्याच्या आधी तीन वर्षे, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता आणि तेथून तो गावोगाव पसरून पुढे कितीतरी वर्षे घोळत राहिला. उंदीर पडू लागले की माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. बहिणाबाईंना तीन मुले. ओंकार थोरला, सोपान धाकटा आणि मुलगी काशी. ओंकारला प्लेगने गाठले. त्यातून तो वाचला, पण कायमचा अपंग झाला.

आणि तिसाव्या वर्षी कपाळाचे कुंकू गेले. सोपानचा जन्म १९०७ चा, म्हणजे तो त्या वेळी अवघा तीन वर्षांचा. १९१० साली तिशीतल्या विधवेची स्थिती काय असेल? आपले जुने रत्नागिरी शहर घ्या, की खानदेश घ्या, त्यात फरक नव्हता. शुभकार्यात मागे उभे राहायचे, सकाळी कोणाच्या समोर यायचे नाही. अपंग मुलगा, लहान मूल, लेक उजवायची, शेत करायचे. या विषयावर त्यांचे गाणे आहे. शेजारणी सांत्वनाला आल्या आहेत, त्या रडत आहेत, आणि ज्या बाईवर प्रसंग आला तीच त्यांना आवरते. हाताच्या रेषा आणि ज्योतिषाचे बोलणे यांचाही त्यात हिशेब आहे. मी ते वाचले तेव्हा दुपार होती, घरात कोणी नव्हते. पुस्तक मिटून मी गॅसवरचे दूध बघायला गेले, ते केव्हाच उतू गेले होते.

पुढे चाळीस वर्षे त्या जगल्या. या चाळीस वर्षांचा तपशील पुस्तकांत थोडकाच मिळतो, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. शेतकरणीच्या चाळीस वर्षांत सांगण्यासारखे काय, असेच कोणीही म्हणेल. पेरले, कापले, दळले, मुले वाढवली, नातवंडे बघितली. पण गाणे या चाळीस वर्षांत बंद पडले नाही. जात्यावर बसले की गाणे, शेतात गेले की गाणे. तिकडे जात्याला घरोट म्हणतात. आपल्याकडे खेडोपाडी भात भरडायचे ते घिरट, त्याचाच हा जवळचा शब्द असावा असे मला वाटते. त्या घरोटावरही त्यांचे एक गाणे आहे.

त्यांची बोली लेवा समाजाची, त्या भागातली. वाचताना मी पहिल्यांदा अडखळले. आपण जेथे ळ म्हणतो तेथे ते य म्हणतात. पोळ्याला पोया, डोळ्याला डोया. मला याला त्यांच्याकडे माले, जसे मालवणात माका. वहिनींना मी पुस्तक दिले आणि मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि पाचवीपासून आपोआप चालीवर गेल्या, खाली मान घालून, मांडीवर हाताने ताल धरून. मग मला सगळे समजले. कागदावरून डोळ्यांनी वाचायची ती गाणी नव्हेतच. एके ठिकाणी त्या थांबल्या आणि म्हणाल्या की हा शब्द त्यांच्या आजीच्या तोंडून गेल्यावर कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आता गाणी कागदावर कशी आली ते सांगते, कारण शंकेचे मूळ तेथेच आहे. सोपान शिकला, मोठा झाला आणि कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्रात ओळखला जाऊ लागला. त्यांचे 'काव्यकेतकी' वगैरे संग्रह आहेत. आई काम करता करता म्हणते ती गाणी सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून वेळोवेळी टिपून ठेवली होती. जी टिपली ती राहिली. जी टिपली नाहीत ती जात्याच्या पिठाबरोबर गेली, किती गेली त्याची मोजदाद नाही.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या. वय एकाहत्तर. गावातल्या बाहेरच्या माणसांच्या लेखी एक म्हातारी शेतकरीण वारली, एवढेच. पुढे सोपानदेवांनी भीत भीतच ते टिपण आचार्य अत्रे यांना दाखविले. भीत भीत अशासाठी की आईची खेडवळ गाणी मोठ्या लोकांना आवडतील की नाही, असे त्यांना वाटत असावे. अत्रे म्हणजे लेखक, नाटककार, वर्तमानपत्रवाले, आणि तोंडाचे फटकळ. आवडले नसते तर त्यांनी तसे तोंडावर सांगितले असते. पण त्यांना ते सोने वाटले, आणि हे लपवून ठेवणे म्हणजे गुन्हा आहे असे त्यांनी सोपानदेवांना बजावले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले, त्याला अत्र्यांची प्रस्तावना आहे. आईला जाऊन तेव्हा वर्षच होत होते. म्हणजे आपले पुस्तक निघाले हे त्यांना कळलेच नाही. आणि कळून तरी काय, त्यांना ते वाचता थोडेच येणार होते, असे कोणी म्हणेल. पण हातात धरता आले असते. माझ्या आजीने माझे पहिलीचे पुस्तक असेच उलटे सुलटे करून पदराने पुसून परत दिले होते, ते मला आठवते.

येथे मला आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. शिक्षक म्हणून ते गेले ते खानदेशात, अमळनेरला, आणि पुढे तिकडचेच झाले. १९३६ साली फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, त्यासाठी ते गावोगाव फिरले. पालगडची आपली आई त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिली, तीच 'श्यामची आई'. त्याच गुरुजींनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' नावाने छापल्या, हे मात्र फार जणींना ठाऊक नसते. ते आणि बहिणाबाई एका मुलखात, एकाच काळात वावरत होते. गुरुजी १९५० साली गेले, बहिणाबाई १९५१ साली. मग १९५२ साली अत्र्यांनी बहिणाबाईंचे पुस्तक लोकांसमोर आणले आणि १९५३ साली 'श्यामची आई' हा चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. कोकणातली एक आई आणि खानदेशातली एक आई, दोघी न शिकलेल्या घरच्या बायका, दोघींना जगापुढे नेणारे मुलगे लिहिणारे, आणि दोघींच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस एकच. मला हे जुळून आलेले फार बरे वाटले.

१९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात बहिणाबाईंची गाणी घेतली आणि मग ती रेडिओवरून घरोघर गेली. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर ती प्रथम तशीच पडली. मला शाळेच्या पुस्तकातून मिळाली. सुगरण पक्ष्याच्या खोप्याची कविता आम्ही वर्गात पाठ केली होती. बाईंनी अर्थ सांगितला, पण आम्हाला अर्थाची गरज नव्हती, कारण आजोळच्या विहिरीवर वाकलेल्या माडाला तसे खोपे दरवर्षी लोंबत असत.

पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे. जळगावात १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी कधी पाटी धरली नाही त्यांचे नाव आता तिकडच्या मुलामुलींच्या पदवीच्या कागदावर छापलेले असते. त्या राहत होत्या ते जुन्या जळगावातले घरही स्मारक म्हणून जपले आहे. नातीने मोबाइलवर मला त्याची छायाचित्रे दाखविली.

आता त्या शंकेकडे वळते. मी पंडित नाही, मला काव्यातले कळत नाही, पण शेतातले थोडे कळते. सोपानदेवांच्या कविता वाचनालयात मिळाल्या तेवढ्या मी वाचून पाहिल्या. त्या छान आहेत, शिकलेल्या माणसाच्या आहेत, पुस्तकी भाषेतल्या आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तर एका हाताची वाटत नाहीत. आईच्या गाण्यात जो शब्द येतो तो काम केलेल्या हाताचा येतो. मनाला त्यांनी पिकात शिरलेल्या गुराची उपमा दिली आहे. हाकलले तरी फिरून तेथेच येणारे गुरू ज्याने हाकलले आहे, त्यालाच ती सुचेल. आपल्याकडे भातात म्हैस शिरली की काय होते ते मला विचारा. लहानपणी मी काठी घेऊन पाठी धावे, ती एका बांधावरून बाहेर आणि दुसऱ्या बांधावरून आत. आजी घरातून ओरडत असे. संसाराला तव्याची उपमा देताना हाताला बसलेला चटकाही त्यांनी सोडलेला नाही. पुरुष भाकरी खातो, चटका त्याच्या ध्यानात राहत नाही. हे माझे म्हणणे घरातल्या मंडळींना आवडले नाही, पण खोटे आहे असे कोणी म्हटले नाही.

दुसरे असे की, न शिकलेली म्हणजे अडाणी, हे आपण शिकलेल्या बायकाच फार पटकन म्हणतो. सातवीपर्यंत शिकलेली मी काही शिकलेली नव्हे, पण दोन अक्षरे आल्यावर मलाही आजी अडाणी वाटत होतीच.

माझी आजी देवरुखच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आजोबा मुंबईला गिरणीत. त्या काळी आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांची हीच कथा, पुरुष मुंबईला आणि महिन्याला मनीऑर्डर. नांगराला जोत धरायला तेवढा भावकीतला माणूस येई, बाकी भाजावळ, पेरणी, चिखलणीला मदत, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळे आजीच्या अंगावर. भात थोडे, वरकस जमिनीत नाचणी. मनीऑर्डर घेताना ती अंगठा उठवी आणि मग शाई शेणात पुसून टाकी. पहाटे ती दळायला बसली की मी गोधडीतून ऐकत असे. वरचा पाळू फिरायचा, वैरण घालायला हात थांबायचा, त्या वेळी गाणेही थांबायचे, पुन्हा खुंटा धरला की पुढची ओळ. त्या गाण्यात आजोबा असत, वाटेवरचा आंबा असे, मेलेला एक काका असे, ज्याचे नाव एरवी घरात कोणी काढत नसे. ओव्या तिच्या स्वतःच्या होत्या की तिच्या आईच्या, मला ठाऊक नाही. मी विचारलेच नाही. पुढे गावात पिठाची चक्की आली, जाते पडवीत गेले, आजी गप्प झाली. मी सातवीत होते तेव्हा ती वारली. घरात लिहिता येणारी चार माणसे होती, माझे वडील होते, काका होता, मी होते. एकानेही एक ओळ लिहून ठेवली नाही. आज मला तिची एक ओवी पुरती येत नाही. चाल येते, आंब्याचा उल्लेख येतो, आणि पुढे रिकामे.

म्हणून त्या दिवशी चहाच्या वेळी मला उत्तर देता आले नसावे. सोपानदेवांनी आईच्या नावावर काही घातले असेल की नसेल, या वादात मला आता गोडी उरलेली नाही. ते आईजवळ बसले आणि त्यांनी लिहून घेतले, एवढे मला दिसते. आम्ही बसलो नाही.

हे लिहीत असतानाच आमच्या चुलत सासूबाई गावाहून डोळे तपासायला आल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कानाने कमी, बाकी खणखणीत. मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि जात्यावरच्या ओव्या सांगा म्हटले. त्यांना एकही आठवेना. त्या खूप खजील झाल्या, वय झाले ग बाय, असे म्हणून गप्प बसल्या. मला वाटले, झाले, येथेही उशीर झाला.

मग त्यांनीच विचारले की घरात जाते आहे का. आमचे जाते माळ्यावर आहे, लग्नकार्यात हळद दळण्यापुरते खाली येते. मुलाने ते खाली आणून दिले, मी पुसून घेतले, खुंटा सैल झाला होता तो ठोकून बसविला. डब्यात मूठभर नाचणी होती ती सुपात घेतली. सासूबाई एक पाय लांब करून बसल्या, मला समोर बसविले, माझा हात खुंट्यावर खाली आणि त्यांचा वर. दोन वेढे नुसतेच गेले. तिसऱ्या वेढ्याला त्यांनी तोंड उघडले, आणि मग ओवीवर ओवी अशी आली की मला वही घ्यायला हात मोकळा मिळेना. शेवटी मुलीला हाक मारून बसविले आणि ती लिहू लागली. गणपतीची एक, भावाची दोन, माहेरच्या वाटेची दोन, मुंबईच्या बोटीची एक, धन्याची एक आणि मेलेल्या लेकाच्या दोन, अशा नऊ झाल्या. लेकाच्या दुसऱ्या ओवीला मुलीचे लिहिणे थांबले, पण सासूबाईंचा हात थांबला नाही.

दहावी सुरू झाली आणि सुपातली नाचणी संपली. तशा त्याही थांबल्या. रिकामे जाते फिरवू नये, दगडाला दगड लागतो, असे म्हणून त्यांनी पदराने तोंड पुसले आणि मला वाण्याकडून आणखी शेरभर नाचणी आणून ठेवायला सांगितले.